आधी मी बघून आले

तुलूज

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेले की बाबा टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत आणि आई दोन वाक्यांत 'जेवलंस काय?'वर येते. म्हणून लिहायलाच बसले. पुढच्या वर्षी तुम्ही दोघं इकडे यायचंय. 'आता आमचं काय बघायचं राहिलंय' हे ऐकून घेणार नाही. पॅरिस दाखवीनच, पण मला तुम्हाला न्यायचंय ते सँ-सीर-लापोपी नावाच्या गावाला. आईचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवून आधी मीच जाऊन बघून आले.

इथून काओरपर्यंत आगगाडी आणि पुढे लॉत नदीच्या काठाकाठानं बस. पूर्वी या खोऱ्यातून रेल्वेही होती, ती बंद झाली. बस नदीपलीकडे सोडते, मग पूल ओलांडून चढ. गाव नदीपासून शंभरेक मीटर उंच, सरळ तुटलेल्या चुनखडीच्या कड्यावर बसलंय. हा चढ मी चढले, तुम्ही चढायचा नाही. आई, तू हे वाचतानाच 'माज्यान चढूक जावचा नाय' म्हणाली असशील. आपण गाडी घेऊन वरच्या रस्त्यानं जाऊ. गावाच्या अलीकडे बांकुरेल नावाचा सज्जा आहे. तिथे गाडी थांबते, आणि एक पायरी न चढता सगळं समोर: चपट्या तपकिरी कौलांची उतरती छपरं, वर किल्ल्यासारखं देऊळ (चर्चला मी देऊळच म्हणते), आणि खाली नदीचं मोठं वळण. तू तिथे बाकावर बसून राहिलीस तरी माझे पैसे वसूल.

गावात शिरायचं म्हटलं तर दगडी फरसबंदीच्या उभ्या गल्ल्या आहेत. उतरताना बरं वाटतं, परतताना सगळं आठवतं. मधल्या चौकापर्यंत तू सावकाश येशील, मी अंदाज घेतलाय. त्याच्या खालचं राहू दे.

बाबा, आता तुमचं. तिलारीच्या कालव्यांवर तुम्ही इतकी वर्षं काढलीत, म्हणून नदीवरच मी जास्त वेळ घालवला. कड्याच्या पायथ्याशी जुना दगडी बंधारा आहे आणि त्याच्या कडेला होड्या वर-खाली करायचं लॉक. काओरची दारू पिंपांत भरून सपाट तळाच्या होड्या इथूनच बोर्दोपर्यंत जायच्या, परतीला मीठ यायचं. जाताना प्रवाह नेई, येताना माणसं आणि जनावरं काठावरून दोरानं होडी ओढत. जवळच्या बूझियेस गावाच्या बाजूला कडा थेट पाण्यात उतरतो, ओढणाऱ्यांना पाय ठेवायला जागाच नव्हती. मग 1840च्या दशकात कडाच आडवा कोरून वाट काढली! डोक्यावर खडकाचं छत, एका हाताला पाणी. मी वाकून वाकून चालले. तुम्ही असता तर कातळावरचे छिन्नीचे घाव मोजत तिथेच थांबला असता. पुढे रेल्वे आली, द्राक्षवेलींना कीड लागली, आणि 1926मध्ये जलमार्गांच्या सरकारी यादीतून लॉतचं नाव काढून टाकलं. आता पर्यटकांच्या होड्यांसाठी लॉकं पुन्हा दुरुस्त केलीत. ही वाट सपाट आहे, तुमची आणि माझी एक सकाळ तिथे ठरली. आई तोवर कॉफी पिईल.

आणखी एक गंमत. या गावाचं पोट कशावर चालायचं? कातकामावर. पिंपांना लागणाऱ्या लाकडी तोट्या इथे घरोघरी लेथवर कातत. तळमजल्यावरच्या मोठ्या कमानी त्या दुकानांच्या आहेत. मला सावंतवाडीची लाकडी खेळण्यांची चितारआळीच आठवली. आपल्याकडे निदान खेळणी अजून विकतात, इथे तोट्यांचा धंदा संपला आणि त्याच कमानींत कुंभार, चित्रकार आणि आइस्क्रीमवाले बसलेत. कायमची वस्ती जेमतेम दोनशेची, आणि वर्षाला येणारे लाखांत. 2012 साली टीव्हीवर फ्रेंचांनी याला आपलं सर्वांत आवडतं गाव म्हणून मत दिलं, तेव्हापासून गर्दी जास्तच. मला हे थोडं बोचलं, खरं सांगते. दोरीवर वाळत घातलेले कपडे शोधत होते, एकाच घरी दिसले.

किल्ला मात्र फार उरलेला नाही. तीन घराण्यांनी एकाच खडकावर आपापले वाडे बांधले होते (भाऊबंदकी सगळीकडे सारखीच). 1471मध्ये फ्रान्सचा राजा अकराव्या लुईनं पाडायचा हुकूम दिला आणि राहिलेलं 1580मध्ये नवारचा राजा हेन्री यानं. माथ्यावर आता भिंतीचे तुकडे आणि वारा. देऊळ सोळाव्या शतकातलं आहे आणि नाव एका लहान बाळाचं, जो आईबरोबर रोमन अधिकाऱ्यांच्या हातून मारला गेला. आईला ती गोष्ट तिथेच सांगेन.

कवी आंद्रे ब्रताँनं 1951च्या सुमारास इथे घर घेतलं आणि 1966मध्ये वारेपर्यंत उन्हाळ्यात यायचा. नदीपात्रात गारगोट्या वेचायचा म्हणे. या महाशयांनी जवळच्या पेश-मेर्लच्या गुहेत मॅमथचं (केसाळ आदिम हत्तीचं) चित्र खरं का खोटं ते बोट घासून पाहिलं, कोर्टात खेचले गेले आणि दंड भरला. बाबा, तुम्हाला गुहेत नेताना तुमचे हात मी धरून ठेवणार आहे.

खाण्याचं फार विचारू नकोस आई. सगळीकडे बदक. शेळीच्या दुधाचं चपटं रोकामादूर चीज भाजून, अक्रोडांसोबत देतात, ते तुला आवडेल असं वाटतं. भाताची सोय मी घरून करीन.

जुलै-ऑगस्ट नको, ऊन आणि माणसं दोन्ही अंगावर येतात. हिवाळ्यात निम्मी दारं बंद. म्हणून मे. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून कळवा, इथल्या नगरपालिकेतून यजमानपत्र (तुम्ही माझ्याकडे उतरणार याचा दाखला) काढायला मला तेच आधी लागेल. आणि आईला डॉक्टरांकडे आत्ताच न्या, एप्रिलमध्ये नाही.

तुमची,
मनू