डोकं जरासं आपटलं, म्हणालीस

ठाणे, बुधवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी ओरडले. तू फोन ठेवलास, बरंच केलंस. शनिवारी रात्री पामबीचवर तुझ्या गाडीला टेम्पो धडकतो आणि आईला ते मंगळवारी कळतं, तेही बंपरचं बाबांना विचारायचं म्हणून. एवढंच मनात घेऊन बसले आणि तुझं पुढचं काही ऐकलंच नाही. आज दोनतीनदा फोन हातात घेतला नि खाली ठेवला. बोलले की पुन्हा तेच होणार. म्हणून लिहिते. बाबा उद्या सकाळी पॉलिसीची फाइल घेऊन सीवूड्सला येतायत, त्यांच्याबरोबर पाठवीन.

"डोकं जरासं आपटलं काचेवर," असं म्हणालीस आणि लगेच गॅरेजवाल्यावर आलीस. जरासं म्हणजे किती? टेंगूळ आलं होतं का? असू दे. हे शेवटी विचारायचं ठरवलं होतं.

आधी बाबांचा निरोप. इन्शुरन्सवाल्यांना उद्याच्या उद्या कळव. उशीर का झाला ते विचारतील, खरं सांग. त्यांचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गॅरेजमध्ये बंपरला हात लावू देऊ नकोस. टेम्पोचा नंबर तू घेतला नाहीस, फोटो काढला नाहीस, म्हणून बाबा हळहळताहेत. मला त्याचं इतकं नाही. मला हे डाचतंय की रात्री साडेदहाला तू पामबीचच्या मधल्या लेनमध्ये उतरून गाडीच्या मागे वाकून बघत होतीस. तिथे गाड्या कशा सुटलेल्या असतात! पुढच्या वेळी (जळो माझं तोंड, पुढची वेळ कशाला) आधी चारही दिवे लुकलुकते कर, गाडी चालत असेल तर डाव्या कडेला घे आणि तूही रस्त्यावरून बाजूला हो. फोटो तिथून काढ: दोन्ही नंबरप्लेट, आजूबाजूची खूण, समोरच्याचं लायसन्स. मग 112 ला फोन. कोणाला लागलं असेल तर 108 ची ॲम्ब्युलन्स. जखमीला उपचार मिळवून देणं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं, हे मोटार वाहन कायद्याच्या 134 कलमात गाडी चालवणाऱ्याचं कर्तव्यच आहे. बाबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं.

लागले शिकवायला. तू एकोणतीस वर्षांची आहेस, आपल्या घरात गाडी चालवणारी पहिली बाई. ऐरोलीच्या पुलावर तू शिकत होतीस तेव्हा बाबांचा हात सारखा हँडब्रेकवर असायचा आणि तू समोरची नजर न काढता म्हणायचीस, "बाबा, हात मांडीवर." ते आठवतं आणि मी मागच्या सीटवर बसूनही किती निश्चिंत असायचे तेही आठवतं.

तो टेम्पोवाला पोरगा थरथरत होता, त्याला तू तुझ्या बाटलीतलं पाणी दिलंस आणि जाऊ दिलंस. हे ऐकून मी गप्प झाले होते, रागाने नाही. माझी मुलगी अशीच वागणार. पण मनू, त्याच्या कपाळाला स्टिअरिंग लागलं होतं, असं तूच म्हणालीस. त्याचं कपाळ कोणी बघितलं? मालक ओरडेल, दवाखान्यात पैसे पडतील, या धाकानेच तो गेला असणार. 2025 पासून केंद्राची योजना आहे, रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीवर नेमलेल्या हॉस्पिटलात 7 दिवस, दीड लाखापर्यंत रोख न घेता उपचार होतात. त्यासाठी पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. पोलिसांना बोलावणं म्हणजे त्या पोरावर सूड उगवणं नव्हतं गं. त्यालाही कोणीतरी आई असेल आणि तिला अजून काही माहीत नसेल.

अप्पामामाचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. 1989 सालची गोष्ट. तीन पेट्रोल पंपाजवळ त्याची स्कूटर घसरली. दोघा माणसांनी रिक्षाने त्याला आपल्या फाटकाशी आणून सोडलं आणि रिक्षा वळवून गेलेसुद्धा. "घसरलो जरा," म्हणाला. रक्ताचा थेंब नाही. कोपराला माती होती, ती मी ओल्या फडक्याने पुसली. आमटी-भात जेवला. "डोकं जड झालंय, पडतो," म्हणाला. ऊन येतंय म्हणून मी पडदा सारला आणि दार लोटून घेतलं. मीच लोटलं. झोपू दे म्हणून घरात कोणाला बोलू दिलं नाही. सहा वाजता चहा घेऊन गेले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पडल्यावर शुद्ध गेली होती का? आम्हाला सांगता येईना. ज्यांना ठाऊक होतं ते दोघे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने निघून गेले होते. कवटीच्या आत रक्त सावकाश साचतं आणि मधल्या वेळात माणूस बोलतो, चालतो, जेवतो, हे तेव्हा कळलं. आता 2019 च्या दुरुस्तीनंतर जखमीला पोहोचवणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. तेव्हा तू कधी कोणाला नेलंस तर पळू नकोस, किती वेळ बेशुद्ध होता ते डॉक्टरांना सांगून मगच नीघ.

तुझ्याजवळ तर त्या रात्री कोणीच नव्हतं. टेम्पो आरशात दिसला होता का? काच लागली तो क्षण आठवतो का? मान दुखते म्हणून आपल्या मनाने गोळ्या घेत बसू नकोस. डोकेदुखी वाढत असेल, उलटी होत असेल, झोप आवरत नसेल, एका हाताला मुंग्या येत असतील तर बाबांचीही वाट बघू नकोस, तडक जा. यातलं काही नसेल तरी उद्या डॉक्टरांना दाखव. स्कॅनची गरज नाही असं ते म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही. पण ते त्यांनी म्हणायला हवं, तू नाही.

ऑफिसला अर्धा दिवस सांगून ठेव. बाबांना आधी चहा दे, ते सहाच्या लोकलने निघणार, उपाशीच येतील. पिशवीत डब्यात थालीपीठ आहे. चिडून लिहिलं असेल काही तर सोडून दे.

तुझी,
आई

ता. क. रविवारी सकाळी मळमळत होतं, असं बोलता बोलता म्हणाली होतीस. उलटी झाली होती का? बाबांना नको, मला सांग.