कूलरसमोरची पुस्तकं
संपादक साहेब,
मे महिन्यात आपल्या नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोयच नाही, पारा ४५ च्या आसपास, मग कूलरसमोर पडून मोबाईल घासत बसण्यापेक्षा पुस्तक घ्या ना बाप्पा! मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ वाचा, वनखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचं आत्मचरित्र आहे, आपल्याच विदर्भातलं जंगल, पक्षी, नवेगावचं तळं, वाचताना घामाचा पण विसर पडतो. जाडजूड आहे म्हणा, पण सुट्टीभर पुरतं. तेवढा पेशन्स नसेल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, धनगरांच्या गावात आलेला तरुण मास्तर, दोन दुपारीत संपते, मी तिसऱ्यांदा वाचतोय. फक्त कूलरच्या फार जवळ बसू नका, माझ्या प्रतीची पानं फुगून पापड झालीत.
– एक वाचक, नागपूर