व्याख्यान सभागृहात नको, वस्तूसमोर हवे

महोदय,

१८ मेचा जागतिक संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह आला की आपल्याकडच्या संग्रहालयांत व्याख्यानांची रीघ लागते. विषय चांगले असतात, वक्तेही जाणकार असतात. पण कार्यक्रम होतो सभागृहात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ आणि मग पडद्यावर एकामागून एक चित्रे. ज्या वस्तूविषयी बोलणे चालले आहे ती पलीकडच्या दालनात असते आणि व्याख्यान संपेपर्यंत त्या दालनाला कुलूप लागलेले असते. संग्रहालयातले व्याख्यान वस्तूसमोर व्हावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही काही नवी कल्पना नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या तेव्हाच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. महिन्यातून एकदा भेटावे, आपापले नमुने समोर मांडावेत आणि त्यांवरची टिपणे एकमेकांना सांगावीत, असा साधा बेत होता.

त्या सोसायटीचे बोधचिन्ह असलेला महाधनेश घ्या. जिवंत पक्ष्याच्या मानेची आणि पंखांवरच्या पट्ट्याची पांढरी पिसे पिवळसर दिसतात. हा पिवळा रंग पिसांचा नसतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतला स्राव पक्षी चोचीने पिसांना चोळत राहतो, त्याचा तो रंग. पेंढा भरलेल्या जुन्या नमुन्यात तो फिका पडतो किंवा पार उडून जातो. हातात जंगलातले छायाचित्र आणि समोर काचेमागचा पांढुरका पक्षी असला की श्रोता आपणहून विचारतो, हा असा का? इथून निसर्गाची गोष्ट सुरू होते आणि जतनाचीही. अशा नमुन्यांना हात मात्र लावू द्यायचा नाही. पूर्वी कातडी टिकवण्यासाठी आतून विषारी आर्सेनिकचा साबण चोळत असत आणि त्याचे कण पिसांवर, केसांवर येऊन बसतात. मुलांना हाताळायला रेझीनची प्रतिकृती द्यावी. खरी कवटी किंवा शिंग टेबलावर मांडायचे असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मालकीचे कागद आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

सगळ्यात जास्त चुका प्रकाशाच्या बाबतीत होतात. लघुचित्रे, पोथ्या आणि वस्त्रे यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे पडणाऱ्या प्रकाशाचे माप) प्रकाश ठेवतात. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला त्या प्रकाशात काहीच दिसत नाही. डोळे सरावायला पाच-दहा मिनिटे लागतात, म्हणून प्रास्ताविक करायचेच असेल तर ते दालनाच्या मंद उजेडात, या वेळेत उरकावे. होते उलटेच. लोकांना दिसत नाही म्हणून, किंवा चित्रीकरणासाठी, मोठा दिवा लावला जातो. ५०० लक्सचा दिवा दोन तास जळला तर चित्रावर १,००० लक्स-तास प्रकाश पडला. रोज आठ तास उघड्या असलेल्या ५० लक्सच्या दालनात चित्राला एवढा प्रकाश मिळायला अडीच दिवस लागतात. उडालेला रंग परत येत नाही, हे वेगळे सांगायला नको. चित्रीकरण हवेच असेल तर मंद प्रकाशात चालणारा कॅमेरा आणावा. दगडी मूर्तीचे तसे नाही. रंगाचा अंश नसलेल्या काळ्या पाषाणावर बाजूने, अगदी तिरकस, विजेरी धरली की छिन्नीचे घाव, झिजलेली अक्षरे आणि मागाहून केलेली डागडुजी ठळक दिसते. पडद्यावरच्या समोरून काढलेल्या छायाचित्रात यातले काही कळत नाही.

एका काचकपाटासमोर वीस-पंचवीस माणसांपलीकडे गट नसावा. तळहाताएवढ्या लघुचित्रासमोर आठ-दहाच. जास्त लोक आले तर तेच व्याख्यान दोनदा करावे. वक्त्यांना हे आवडत नाही, पण दुसऱ्या खेपेला ते हमखास चांगले बोलतात. घडीची स्टुले ठेवावीत. उंच छताच्या दालनात आवाज घुमतो, म्हणून एक मोठा ध्वनिक्षेपक लावण्यापेक्षा दोन छोटे, कमी आवाजात लावावेत. ओल्या छत्र्या आणि रेनकोट बाहेर राहिले पाहिजेत. पावसाळ्यात दालनातली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते आणि बंद खोलीतली पंचवीस माणसे श्वासानेच आर्द्रतेत भर घालतात. आर्द्रतामापकाचा आकडा व्याख्यानाआधी आणि नंतर लिहून ठेवला तर पुढच्या वेळी किती लोक घ्यायचे, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

पुष्पगुच्छांचेही तेच. ताज्या फुलांतून किडे येतात, वड्या-चहाच्या सांडलवंडीवर झुरळे आणि उंदीर येतात, आणि तिथून कपाटातल्या पैठणीपर्यंतचा रस्ता फार लांब नसतो. सत्कार करायचाच तर दालनाबाहेर करावा.

शेवटची वीस मिनिटे प्रश्नांची, आणि तीही मराठीत. ठिकठिकाणी लोक विचारतात ते घरच्या वस्तूंबद्दल, आणि त्यांची उत्तरे संग्रहालयाइतकी नेमकी दुसरीकडे मिळत नाहीत. पैठणी घडीवर घडी ठेवून ठेवली तर तिची जरीची तार घडीच्या रेषेवर तुटते. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात घालून पैठणी नळीवर गुंडाळावी. ते जमत नसेल तर दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये. जुने पत्र किंवा सनद लॅमिनेट करू नये, कारण उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता सुटत नाही. चिकटपट्टी तर नकोच. जुन्या पितळी-कांशाच्या मूर्तीवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर चिंच-मिठाने घासणे हा सगळ्यात वाईट उपाय. ती भुकटी बहुधा धातूतल्या क्लोराइडची आणि दमट हवेची करणी असते, आणि मिठाने आपण क्लोराइडच वाढवतो. शिवाय आम्लाने मूर्तीवरचा जुना, स्थिर थरही निघून जातो. मूर्ती कोरडी ठेवून जतनतज्ज्ञाला दाखवावी.

वस्तूची किंमत वक्त्याने कधीही सांगू नये. ‘खरी की खोटी’ हा निवाडाही गर्दीत देऊ नये. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती घरात असेल तर पुरावस्तू कायद्याखाली तिची नोंदणी लागते का, एवढे विचारायला सांगावे. हस्तलिखितांना त्या कायद्यात ७५ वर्षांची मर्यादा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

याला मोठ्या शहराची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात सापडलेल्या मूर्तीशी जवळचे साम्य दाखवते. ती आणि तिच्याशेजारी पाँपेईच्या मूर्तीचे मोठे छायाचित्र, एवढ्यावर तासभर बोलता येईल. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात एकेका चित्रासमोर तसेच करता येईल. महिन्याला एक दालन, एक वस्तू, एक तास, आणि ठरलेला वार. जाहिरातीत वक्त्याच्या पदव्यांऐवजी दालनाचे नाव, वस्तूचे नाव आणि जागा किती, हे छापावे. श्रोत्यांचे प्रश्न त्या वस्तूच्या नोंदपत्रात तारखेसह उतरवावेत. नवा फलक लिहिताना अभिरक्षकाला (क्युरेटरला) ते उपयोगी पडतील.

– वस्तूंच्या जतनाचे काम करणारे काही वाचक, मुंबई