फुटकी खापरं चिठ्ठीसह परत पाठवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नवशिक्यांची भांडी भाजून देणारे पुष्कळ भेटतात. पण एखादं भांडं फुटलं तर त्याचे तुकडे खोक्यात नीट रचायचे, तडा जिथून सुरू झाला तिथे पेन्सिलीने बाण काढायचा आणि दोन ओळींची चिठ्ठी लिहून सगळं शिकवणाऱ्याकडे परत पाठवायचं, हे कष्ट तुम्हीच घेता. ‘कान आधी वाळला, कप नंतर.’ ‘बूड २२ मिमी, भिंत ७.’ ‘सांध्यावर रेघा आहेत, स्लिप नाही.’ (स्लिप म्हणजे सांध्याला लावायचा मातीचा दाट काला.) चाकाशिवाय, नुसत्या हाताने भांडी घडवायला शिकवताना आम्ही जो क्रम पाळतो, तो या चिठ्ठ्यांवर उभा आहे. हे आभार जाहीरपणे मानतोय ते एवढ्यासाठी, की इतर ठिकाणी शिकवणाऱ्यांनाही त्यातलं काही हाताशी राहावं.

भट्टीत भांडं फुटलं की ‘आत हवा राहिली असेल’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. तुमच्या चिठ्ठ्यांमध्ये मात्र हवेपेक्षा पाण्याचा उल्लेख कितीतरी जास्त असतो, आणि तो बरोबर आहे. मातीच्या जाडीत ओल शिल्लक असताना तापमान १०० अंशांपुढे गेलं की तिची वाफ होते. वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा लागते. ती मिळाली नाही की भांड्याचे पोपडे उडतात. नीट वाळलेली माती सच्छिद्र असल्यामुळे तिच्यातला बारीक बुडबुडा सहसा काही न करता भाजून निघतो. तरीही मातीची मळणी हवीच, कारण मळल्यानेच ओल सगळीकडे सारखी होते आणि कडक गुठळ्या मोडतात. गोळा ४०-५० वेळा दाबून वळवायचा, तारेने मधोमध कापायचा आणि कापलेला भाग बघायचा. भोकं किंवा दोन छटा दिसल्या तर पुन्हा मळायचा. मुलांना आणि मोठ्यांनाही कारण खरं सांगितलं की ती मळणी टाळत नाहीत आणि वाळवण्याची घाईही करत नाहीत. हवेला दोष देणारा शिकाऊ मळतो खूप, पण भांडं ओलंच भट्टीकडे पाठवतो.

तुमची दुसरी सूचना आम्ही पहिल्याच वर्गात वापरतो: पहिलं भांडं कापायचं. ३०० ग्रॅमचा गोळा दोन्ही तळव्यांत धरून गुळगुळीत करायचा, मधोमध अंगठा घालून बुडाला साधारण १ सेंमी माती ठेवायची आणि अंगठा आत, बोटं बाहेर अशा चिमटीने तळापासून वर यायचं. प्रत्येक चिमटीनंतर भांडं थोडं फिरवायचं. नवशिका हमखास काठापासून सुरुवात करतो, कारण तिथे हात सहज पोचतो. मग काठ पसरतो, पातळ होतो, हाताच्या उबेने वाळून उलतो आणि खाली मातीचा गड्डा तसाच राहतो. वाटीची थाळी होते ती अशी. म्हणून काठ शेवटपर्यंत जाड आणि तोंड अरुंद ठेवायला सांगतो. तोंड पसरलंच तर दोन-तीन चुण्या घालून ते आवळता येतं. उललेल्या काठावर ओलसर बोट फिरवणं पुरतं. पाण्याची वाटी मात्र जवळ ठेवत नाही, कारण ती दिसली की हात तिच्यातच जातो, माती निसरडी होते आणि भिंत बसते.

भांडं झालं की तार वरून खाली ओढून त्याचे दोन भाग करायचे आणि पट्टीने मोजायचं. काठाला ४ मिमी, मध्यावर ७, आणि भिंत जिथे बुडाला मिळते त्या कोपऱ्यात १८, असं काहीसं निघतं. हा कोपरा जवळजवळ प्रत्येकाचा जाड निघतो, कारण अंगठ्याचं टोक तिथे वळवून दाबावं लागतं आणि हे बाहेरून बघून कळत नाही. कापलेली बाजू पाहिली की दुसऱ्या भांड्याच्या वेळी अंगठा आपण होऊन त्या कोपऱ्यात जातो. कापायचं आहे हे मात्र माती हातात देण्याआधीच सांगावं. जीव जडल्यावर कुणाचं भांडं कापणं हा अन्याय आहे, आणि असा माणूस दुसऱ्या वर्गाला येत नाही.

ताई, तुमचे सर्वांत जास्त बाण सांध्यांवर असतात. त्यामुळे कप, कान, तोटी यांच्या आधी एक धडा फक्त सांध्यांचा असतो. ३ बाय ८ सेंमीच्या, ८ मिमी जाडीच्या पट्ट्या कापायच्या आणि त्यांच्या पाच जोड्या करायच्या. पहिली नुसती दाबून चिकटवायची. दुसरीला फक्त पाणी लावायचं. तिसरीवर रेघा ओढायच्या पण स्लिप लावायची नाही. चौथी रेघा, स्लिप आणि नीट दाब देऊन जोडायची. पाचवी चौथीसारखीच, पण तिच्यातली एक पट्टी आधी जवळजवळ वाळवून घेतलेली. चार-पाच दिवसांनी सगळ्या हाताने ओढून बघायच्या. पहिल्या दोन सांध्यावर स्वच्छ सुटतात. तिसरीचा नेम नाही. चौथी तुटली तर भलतीकडेच तुटते. पाचवीला कुणी हात लावायच्या आधीच भेग पडलेली असते.

या पाचव्या जोडीतच सगळं मर्म आहे. घडवण्याच्या ओलीपासून पूर्ण वाळेपर्यंत माती साधारण ५ ते ८ टक्के आकसते. म्हणजे १० सेंमी लांबीचा कान ५ ते ८ मिमी आखूड होणार. कपाची ओल आणि कानाची ओल सारखी असेल तर दोघं बरोबरीने आकसतात. कान आधीच वाळलेला असेल तर त्याचं आकसून झालेलं असतं, कप मात्र अजून आकसतोय, आणि ती ओढाताण सांध्याला सोसावी लागते. स्लिप कितीही लावली तरी ही तफावत भरून निघत नाही. म्हणून कान आणि कप एकाच दिवशी करून एकाच प्लास्टिकखाली ठेवायचे. दोन्ही लेदर हार्ड झाले, म्हणजे उचलल्यावर आकार टिकतो पण नखाची खूण उमटते, की जोडायचे. रेघा दोन्ही बाजूंना, आडव्या-उभ्या, २-३ मिमी खोल. स्लिप त्याच मातीची हवी: वाळलेले तुकडे कुटून, रात्रभर भिजवून, गाळून दह्याइतकी दाट. दुसऱ्या मातीची स्लिप वेगळ्या प्रमाणात आकसते आणि तीच भेगेचं कारण होते. दाबताना तुकडा किंचित इकडेतिकडे हलवायचा, कडेने स्लिप बाहेर आली की थांबायचं. बाहेर आलेली स्लिप ओल्या स्पंजने पुसायचा मोह होतो. त्याने सांधा धुतला जातो, म्हणून ती लाकडी पट्टीने दाबून बसवायची. आतल्या कोपऱ्यात ४-५ मिमीची बारीक वळी, म्हणजे मातीची लाटलेली दोरी, भरून बोटाने सपाट केली की सांधा पक्का होतो.

वळ्यांच्या भांड्याबद्दल तुमची तक्रार एकदाच आली होती आणि ती पुरेशी होती: बाहेरून गुळगुळीत, आतून वळ्या सुट्या. वळी १ ते दीड सेंमी जाडीची, बोटं फाकवून, मधून कडेला सरकत लाटायची. जोर जास्त झाला की ती चपटी होते आणि तशीच लाटत राहिलं तर आत पोकळी पडते. प्रत्येक वळीची माती आतल्या बाजूने अंगठ्याने खालच्या वळीवर ओढायची, दुसरा हात बाहेरून आधाराला. तीन-चार थर झाले की थोडा वेळ थांबायचं, नाहीतर वजनाने पोट सुटतं. थांबून सुरू करताना वरच्या कडेवर रेघा आणि स्लिप लागतेच. वळ्यांची टोकं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत.

लादीत, म्हणजे मातीच्या लाटलेल्या सपाट तक्त्यात, खरी अडचण वाकण्याची. दोन ७ मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्यांमध्ये, कापडावर लाटायची, मध्येच उलटायची आणि दिशा बदलायची. नंतर दोन्ही अंगांनी रबरी रिबने, म्हणजे माती सपाट करायच्या लवचिक पट्टीने, दाबून घ्यायची. एका कोपऱ्याला धरून उचललेली लादी पुन्हा सपाट ठेवली तरी भाजल्यावर तोच कोपरा वर करते. उचलायची ती कापडासकट किंवा दोन फळ्यांमध्ये धरून. चौकोनी डब्यासाठी ती आधी लेदर हार्ड होऊ द्यायची आणि कडा ४५ अंशांत कापायच्या.

आता वाळवणं. इथे तुमचे आभार सर्वांत जास्त, कारण ओल्या भांड्याला तुम्ही ठाम नकार देता. शिकाऊ नाराज होतात, पण त्यांचं भांडं वाचतं. ७-८ मिमी भिंतीच्या भांड्याला आठवडा लागतो असं धरून चाललं तर धावपळ होत नाही. पहिले दोन दिवस प्लास्टिक पूर्ण गुंडाळलेलं, मग सैल, मग उघडं. कान, तोटी, काठ हे पातळ भाग आधी वाळतात, म्हणून त्यांना प्लास्टिकची वेगळी पट्टी गुंडाळायची. भांड्याखाली वर्तमानपत्र ठेवायचं, म्हणजे आकसताना बूड सरकू शकतं. फळीला चिकटलेलं बूड सरकत नाही आणि मधोमध फाटतं. काठ वजन पेलण्याइतका कडक झाला की भांडं पालथं करायचं, म्हणजे बुडालाही वारा लागतो. पंखा आणि ऊन दोन्ही वर्ज्य, एका अंगाने वाळलेलं भांडं त्याच अंगाला वाकतं.

गालाला लावून बघायची तुमची खूण सगळ्यांना आवडते: थंड लागलं तर आत ओल आहे. तिच्या जोडीला आम्ही तराजू ठेवला आहे. सलग दोन दिवस वजन तेच भरलं तरच भांडं भट्टीच्या ट्रेमध्ये जातं. प्रत्येकासोबत तुम्ही मागता ती चिठ्ठी असते: सर्वांत जाड जागा किती मिमी, शेवटचं वजन किती, आणि आत पोकळ आहे का. पोकळ पक्षी किंवा मासा केला तर पोटाखाली टाचणीच्या जाडीचं तरी भोक हवंच. भिंत आकसताना आत कोंडलेली हवा तिला विरोध करते, म्हणून वाळतानाच भेग पडू शकते. शिवाय बंद पोटाची आतली बाजू वाळायला फार वेळ घेते. भरीव मूर्तीची जाडी २ सेंमीच्या पुढे गेली की ती लेदर हार्ड असताना कापून, आतून कोरून, पुन्हा जोडायची.

एवढं करूनही तुम्ही भट्टी ९० अंशांवर कित्येक तास, वरची खिडकी उघडी ठेवून, तशीच धरता. पुढे ६०० अंशांपर्यंतही सावकाश नेता, कारण मातीच्या घडणीत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांदरम्यान निघतं आणि ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झचा आकार एकदम बदलतो. त्यानंतर १००० अंशांच्या आसपास बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, पूर्ण होतं. हे वेळापत्रक तुम्ही लिहून दिलंत म्हणून ‘उद्या मिळेल का?’ या प्रश्नाला उत्तर देता येतं. दुसऱ्या दिवशी तर भट्टी निवतही नाही, आणि १०० अंशांखाली आल्याशिवाय तुम्ही दार उघडत नाही.

तडे वाचण्याचं तुमचं टिपण आम्ही भिंतीवर लावलं आहे. काठाला रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा तडा काठापासून, वाळताना सुरू झालेला. पापुद्र्यासारखे किंवा खोलगट उडालेले तुकडे म्हणजे वाफ. सांध्यावर सुटलेला आणि आत रेघा जशाच्या तशा दिसणारा कान म्हणजे स्लिप कमी किंवा वाळलेली. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, झाल्यावर तड्याच्या कडा गोलसर आणि त्यात ग्लेझ उतरलेलं दिसलं तर तडा आधीचा, ग्लेझ वितळण्यापूर्वीचा. कडा धारदार असतील तर थंड होताना पडलेला. ही शेवटची खूण माहीत असली की भांडं घडवणाऱ्याच्या माथी नको तो दोष येत नाही.

वाळलेल्या भांड्याला सॅंडपेपर न लावण्याचा तुमचा आग्रहही पाळला जातो. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात साठते. खडबडीत जागा लेदर हार्ड असतानाच घासून घ्यायची, उरलेली ओलसर स्पंजने. टेबल आणि जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

पुढच्या ट्रेमध्ये तीन झाकणाचे डबे येतील. झाकणं डब्यावर बसवूनच वाळवली आहेत, म्हणजे दोन्ही एकाच मापाने आकसतील. बिस्कलाही ती डब्यावर ठेवूनच भाजली तर बरं होईल, वाकायची भीती कमी राहते. ग्लेझच्या वेळी बसायच्या कडा आणि बुडापासून ३ मिमी जागा कोरी ठेवून पाठवू.

मनःपूर्वक आभार.

आपले,
हाताने भांडी घडवायला शिकवणारे आम्ही सगळे