साहेब, तुमच्या नूतनीकरणावरून मी घसरलो

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपल्या खात्याने नव्याने सजवलेल्या कार्यालयाच्या रॅम्पवरून मी घसरलो. डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. उद्घाटनात आपण म्हणाला होतात, "इथे आता कुणालाही त्रास होणार नाही." तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आता वाजवता येत नाहीत. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी नातवाला टेप देऊन पाठवलं. जोत्याची उंची 75 सेंटिमीटर, रॅम्पची लांबी 3 मीटर. (टेप जुना आहे, इंचभर इकडेतिकडे असेल.) म्हणजे उतार एकास चार. चाकाच्या खुर्चीला एकास बारा लागतो, म्हणजे 9 मीटर, शिवाय दोन्हीकडे कठडा आणि खरखरीत फरशी. आपण गुळगुळीत ग्रॅनाइट बसवलंत. याला घसरगुंडी म्हणतात, आणि तीसुद्धा शाळेत वाळूत संपते.

लिफ्ट नवी आहे, झकास आहे. तिच्यापर्यंत जायला चार पायऱ्या चढाव्या लागतात, एवढंच.

जुनी इमारत कळकट होती, कबूल. पण बांधणाऱ्याला डोकं होतं. उंच छत, वर झरोके, तापलेली हवा तिथून निघून जायची. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे होते. आपल्या ठेकेदाराने छज्जे तोडले, खाली फॉल्स सीलिंग ठोकलं आणि न उघडणारी काच लावली. आता दुपारी तीनला ऊन थेट टेबलावर येतं. आवक-जावकच्या बाईंनी त्या महागड्या काचेवर खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली आहेत आणि भरदिवसा दिवे लावून बसतात.

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931 सालची. तिच्या 6,514 खिडक्या भंगारात गेल्या नाहीत. इमारतीतच कारखाना थाटून त्याच काचा सुधारून परत बसवल्या. बाकीची कामं धरून ऊर्जेचा वापर सुमारे 38 टक्के घटवायचा हिशेब होता. आमच्या सागवानी चौकटी कुणाच्या बंगल्याला लागल्या, ते मी विचारत नाही.

मुळात विचारतो कोण, आणि कुणाला? आधी टेंडर निघतं, मग रंग ठरतो, आणि आर्किटेक्टला नकाशावर सही करायला शेवटी बोलावतात. रोज आठ तास तिथे बसणाऱ्या बाईंना एका शब्दाने विचारलं असतं तर छज्जे वाचले असते. दहा वर्षांनी आपलेच उत्तराधिकारी म्हणतील, इमारत कालबाह्य झाली, पाडा आणि नवी बांधा. म्हणजे पुन्हा सिमेंट. जगभरात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 8 टक्के एकट्या सिमेंटच्या खाती जातो. पण तो कुठल्या बिलात दिसत नाही, मग कशाला मोजायचा!

रॅम्प लांबवा, छज्जे परत लावा. तक्रारपेटीत हेच टाकणार होतो, पण ती तिसऱ्या मजल्यावर आहे.

पाहणीला याल तेव्हा गाडी पोर्चमध्ये नेऊ नका. पाऊस नुकताच पडून गेलेला असताना या, आणि रॅम्पवरून या.

आपला,
उजव्या हाताने लिहिणारा एक करदाता