सूचना : तावडूच्या वाहन संग्रहालयाची सहल

सर्व सभासदांना नमस्कार.

हरियाणातल्या तावडूचं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम बघायला आपण दिवाळीनंतर जाणार आहोत. नागपूरहून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी. तिथे मोटारी, पालख्यांसोबत जुन्या दुचाकीही आहेत. सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून शनिवार धरला आहे.

जायच्या आधी जुन्या गाड्यांची थोडी ओळख करून घ्या, म्हणजे नुसते रंग बघून पुढे सरकणं होणार नाही. मद्रासला 1955 मध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली; त्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. म्हैसूरच्या जावा-येझदी मोटारसायकलींना गिअरचाच दांडा आत दाबून फिरवला की किकचा दांडा होतो. इतकी सुंदर युक्ती मी दुसऱ्या गाडीत पाहिली नाही. म्हैसूरचा तो जावा-येझदीचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तरी आपल्या शहरातल्या मेकॅनिकांनी या गाड्या चालत्या ठेवल्या. तुमच्या ओळखीचे असे कारागीर असतील तर त्यांना आग्रहानं सोबत आणा. त्यांचा खर्च मंडळ करेल.

तिथे गाड्यांना हात लावू नये, वर बसून फोटो तर नाहीच.

नावं रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावावरच्या बैठकीत द्यावीत. ज्येष्ठांसाठी खालचे बर्थ मागायचे आहेत, तेव्हा वयही कळवा.

– सचिव