पांढरे पाकीट फोडण्याआधी एवढे विचारा

माननीय संपादक,
स. न.

धानाच्या रोवण्या सुरू झाल्या की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या हिवतापाच्या, म्हणजे मलेरियाच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. भामरागड-एटापल्लीत किती रुग्ण सापडले, फवारणी झाली की नाही, मच्छरदाण्या कोणत्या गावांत पोचल्या नाहीत, हे छापून येते आणि ते यायलाच हवे. पण ज्याला आधीपासून एचआयव्ही आहे आणि त्यावर मलेरिया झाला आहे, अशा माणसाविषयी कुठे दोन ओळी वाचायला मिळत नाहीत. ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीमागे नोकरीची वर्षे काढलेला माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल लिहायचे आहे.

फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जास्त घातक प्रकार, निघाला की आपल्याकडे आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन अशा गोळ्यांचे वयानुसार रंग ठरलेले पाकीट देतात. १५ वर्षांवरच्यांसाठी ते पांढरे असते. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणाने ईशान्येकडची राज्ये सोडून बाकी देशासाठी हेच औषध ठरवून दिले. औषध चांगले आहे, त्याने असंख्य जीव वाचले आहेत. मात्र जो एचआयव्हीबाधित रुग्ण इतर संसर्ग टाळण्यासाठी रोज कोट्रायमॉक्साझोल घेतो, म्हणजे ज्या गोळीला लोक सेप्ट्रान म्हणतात ती, त्याला हे पाकीट देणे टाळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मलेरिया उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिले आहे. दोन्हींत सल्फा आहे आणि दोन्ही औषधे एकाच मार्गाने काम करतात. अंगावर पुरळ उठण्यापासून कातडी सोलून निघण्यापर्यंतची सल्फाची रिअ‍ॅक्शन या रुग्णांमध्ये मुळातच जास्त दिसते. रक्त तयार होण्यावरही परिणाम होऊ शकतो. शिवाय रोज सेप्ट्रान घेऊनही ज्याला मलेरिया झाला, त्याच्या रक्तातला जंतू या जातीच्या औषधांना आधीच सरावलेला असण्याची शक्यता असते. म्हणजे धोका पत्करूनही गुण येईलच असे नाही.

आता सेप्ट्रान कोण घेते? आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ज्यांच्या सीडी४ पेशी, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ३५० च्या खाली आहेत किंवा आजार पुढच्या टप्प्यात गेला आहे, त्यांना ती देतात. म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती सर्वांत खाली आहे, नेमके तेच.

एका पावसाळ्यात खिडकीशी एक बाई आली. मजुरीला जाणारी, बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा. पदराच्या गाठीतून तिने एक पांढरे पाकीट काढले. पहिल्या दिवसाच्या गोळ्या संपलेल्या, म्हणजे सल्फाच्या दोन्ही पोटात गेलेल्या. पिशवीच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्यांची, बाटली होती आणि तिच्यासोबत सेप्ट्रानची पट्टी. ‘तापाच्या गोळ्या सरेपर्यंत ह्या बंद ठेवल्या जी, इतक्या गोळ्या एकाच टायमाला कशा खाऊ?’ असे ती खालच्या आवाजात म्हणाली. ज्यांनी पाकीट दिले त्यांनी तिला काही विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते. गावात सांगायचे तरी कोणाला? डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतले, सेप्ट्रान बंदच ठेवली, एआरटी त्याच रात्री पुन्हा सुरू केली. ती बरी होऊन घरी गेली. पण तिच्या हातात एकमेकांशी न जमणारी दोन औषधे पडली होती आणि दोन्ही सरकारचीच होती, हे मला आजही सहन होत नाही.

हिवतापाचे खाते वेगळे, एड्स नियंत्रणाचे वेगळे. एकाची रजिस्टरे प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंच्या पिशवीत, दुसऱ्याची एआरटी केंद्रात कुलपाखाली. ती कुलपाखाली असायलाच हवीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याला धक्का लावा असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण त्यासाठी आजाराचे नाव विचारावेच लागत नाही. ‘बाई, रोज कोणती गोळी चालू आहे का? सेप्ट्रान घेता का? सल्फाची कधी रिअ‍ॅक्शन आली होती का?’ एवढे विचारले तरी काम होते. का घेता, हे विचारायची गरज नाही. हे प्रश्न प्रत्येक तापाच्या रुग्णाला विचारले, तर कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखेही होणार नाही.

असे रुग्ण असतात किती, असे काही अधिकारी म्हणतील. देशात एचआयव्हीबाधितांची संख्या २५ लाखांच्या घरात आहे आणि राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात आहे. आमच्याकडची माणसे पोट भरायला मुंबई-पुण्याला, सुरतेला, तेलंगणात जातात आणि शेतीच्या हंगामात परत येतात. मुंबईत बांधकामांवर साचलेल्या पाण्यात डास होतात आणि तिथेही मलेरिया आहेच, फक्त तिथे व्हायवॅक्स हा दुसरा प्रकार जास्त. त्यावर चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. एचआयव्हीच्या जुन्या रुग्णांपैकी कोणी झिडोव्हुडिन या एआरटीतल्या औषधावर असेल तर त्या गोळीने आधीच रक्त कमी झालेले असू शकते, आणि प्रायमाक्विननेही काही जणांच्या तांबड्या पेशी फुटतात. तिथे निदान हिमोग्लोबिन तरी बघायला हवे.

या दोन आजारांच्या जोडीचा अभ्यास सर्वांत जास्त आफ्रिकेत झाला. युगांडात दिसले की सीडी४ जितक्या कमी तितका मलेरिया वारंवार होतो आणि रक्तात जंतू जास्त सापडतात. मलावीत दिसले की मलेरियाच्या तापात रक्तातला एचआयव्ही वाढतो आणि उपचारानंतर पुन्हा उतरतो. आपल्यासाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल भागातली नोंद. तिथे मलेरिया बारमाही नाही, त्यामुळे मोठ्या माणसांमध्येही त्याविरुद्धची ताकद तयार झालेली नसते. अशा ठिकाणी एचआयव्हीबाधितांना तो जास्त गंभीर स्वरूपात झाला. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाची स्थिती याच प्रकारची आहे. ‘आपल्याकडे कुठे आफ्रिकेसारखा मलेरिया आहे’ असे म्हणून निर्धास्त राहता येणार नाही, ते यासाठी. गरोदर बायांचे तर आणखी अवघड. एरवी पहिल्या बाळंतपणानंतर शरीर वारेतल्या मलेरियाशी लढायला थोडे शिकते, एचआयव्हीमुळे ते शिकलेलेही कमी पडते. आईचे रक्त घटते, मूल कमी वजनाचे जन्मते.

उलट बाजूनेही गफलत होते. एआरटी घेणारा रुग्ण ताप घेऊन आला की पहिला संशय टीबीचा जातो. तो जायलाच हवा, पण पावसाळ्यात त्याच दिवशी बोटाला सुई टोचून आर.डी. किटने, म्हणजे झटपट चाचणीच्या पट्टीने, मलेरियाची तपासणीही व्हायला हवी. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. थुंकीचा अहवाल येईपर्यंत फॅल्सिपेरम थांबून राहत नाही, तो मेंदूत जातो.

आपल्या दैनिकामार्फत जिल्हा हिवताप अधिकारी आणि एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी मिळून एक परिपत्रक काढावे. पांढरे पाकीट देण्याआधी वरचे प्रश्न विचारणे बंधनकारक करावे. सेप्ट्रान घेणाऱ्यांसाठी आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनच्या गोळ्या तालुक्याच्या रुग्णालयात तरी कायम ठेवाव्यात. ईशान्येकडे सरकार हेच औषध देते, तेव्हा ते नव्याने शोधायचे नाही, फक्त इथल्या कपाटात आणायचे आहे. एआरटी केंद्रांनी जूनपासूनच रुग्णाच्या पुस्तिकेवर मलेरियाचे कोणते औषध चालेल ते लिहून द्यावे, आणि औषधी मच्छरदाण्या वाटताना या रुग्णांना केंद्रातूनच द्याव्यात, म्हणजे गावात कोणाला काही कळायचे कारण नाही.

आणि हे पत्र एआरटी घेणाऱ्या कोणी वाचत असेल तर त्यांना हात जोडून सांगतो: डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही, त्यामुळे घरच्यांची काळजी करू नका, स्वतःची करा. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. बोलायला संकोच वाटला तर नुसती सेप्ट्रानची पट्टी पुढे करा, डॉक्टरांना पुरेसे आहे. आणि मलेरियाचे औषध चालू असताना एआरटीची गोळी एक दिवसही मनाने बंद करू नका.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर